सायरस फील्ड

मुलांनो, मुंबईहून पाठवलेला संदेश इंटरनेटमुळे क्षणात लंडनला पोहोचतो. तो आकाशातून जातो, असे आपल्याला वाटते. खरे तर असे बहुतेक संदेश समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांमधून जातात. अटलांटिक महासागरात अशी पहिली तार टाकण्यासाठी एका माणसाने आयुष्याची बारा वर्षे वेचली. त्यांचे नाव सायरस फील्ड.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८१९ रोजी अमेरिकेतील स्टॉकब्रिज या गावी झाला. पंधराव्या वर्षी ते न्यूयॉर्कला गेले आणि एका दुकानात हरकाम्या म्हणून राहिले. पुढे कागदाच्या व्यापारात त्यांनी पुष्कळ धन मिळवले.

त्या काळी इंग्लंडचे पत्र अमेरिकेला बोटीने जाई. त्याला दहा-बारा दिवस लागत. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत समुद्रातून तार टाकावी, असे १८५४ साली फील्ड यांच्या मनात आले.

१८५७ साली काम सुरू झाले. पण तार तुटली. १८५८ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही किनारे जोडले गेले. लोकांनी आनंदोत्सव केला. मात्र सुमारे तीन आठवड्यांतच तार बंद पडली. जे लोक काल जयजयकार करत होते, तेच आता फील्ड यांना लबाड म्हणू लागले. फील्ड खचले नाहीत. त्यांनी पुन्हा पैसा उभा केला. १८६५ साली 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजातून नवी तार टाकताना तीही तुटून समुद्रात बुडाली.

अखेर २७ जुलै १८६६ रोजी यश आले. तरीही फील्ड घरी परतले नाहीत. त्याच जहाजातून ते पुन्हा भर समुद्रात गेले. खोल पाण्यात लांब दोरांना बांधलेले आकडे सोडून आदल्या वर्षी बुडालेली तार शोधली. अनेकदा ती हाती येऊन निसटली. शेवटी ती वर आली. तिला नवा तुकडा जोडून किनाऱ्यापर्यंत नेले. आता एकीऐवजी दोन तारा झाल्या! १८७० साली याच जहाजाने मुंबई ते एडन अशी तार टाकली.

उतारवयात फील्ड यांची बरीच संपत्ती गेली. १२ जुलै १८९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज तारांमध्ये काचेचे बारीक तंतू असतात व त्यांतून प्रकाश धावतो. जहाजाच्या नांगराने किंवा भूकंपाने त्या आजही तुटतात. तेव्हा संदेश दुसऱ्या तारेने वळवले जातात. दुरुस्तीचे जहाज जाते, तुटलेले टोक वर काढते आणि सांधते. तुटलेली तार तळाशी सोडून द्यायची नाही, हे फील्ड यांनी १८६६ सालीच दाखवून दिले होते.