आधी खराटा, मग टाळ

पौष वद्य एकादशीच्या सुमारास श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या नाशकात उतरतात. गोदामाईचे स्नान होते, हरिपाठ होतो, पंगती उठतात. पहाटे दिंडी त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागली, की मागे काय उरते? पत्रावळी, द्रोण आणि खरकटे. त्याच गोदाकाठी एका सत्पुरुषाने उभारलेली धर्मशाळा आहे, आणि त्यांच्या नावाचा पूलही आहे. त्या पुलावरून जाताना आमची मान खाली जाते. ते का, हे शेवटी सांगू. आधी त्यांचे चरित्र ऐका.

श्रीगाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुळात झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूच्या पायी लवकर गेले. मग आईने पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आपल्या माहेरी आसरा घेतला. तिथे डेबूजीने मामाची गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड पाहिले नाही. दिवसभर राबून रात्री भजनाला मात्र हजर! लग्न झाले, लेक झाली. तिच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. याने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण गडी ढळला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी, आणि डोक्यावर फुटके गाडगे. तेच टोपी, तेच जेवणाचे भांडे. त्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले.

आता त्यांचा क्रम पाहा. गावात शिरले, की बाबा देवळाकडे वळत नसत. हाती खराटा घेत आणि रस्ता झाडू लागत. लोक आधी हसत, मग ओशाळत, मग कोणी घमेले आणी, कोणी फावडे. दिवस मावळेपर्यंत गटारे मोकळी होत, आणि झाडलेल्या त्याच जागेवर रात्री कीर्तन उभे राही. वऱ्हाडी बोली, श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न, आणि गोपाळाच्या नामाचा गजर. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, एवढाच विषय. पायाला हात लावू देत नसत. आम्ही पाठशाळेत कौमुदी घोकली, रघुवंश शिकलो. आणि या निरक्षर पुरुषाच्या कीर्तनाने गावेच्या गावे कामाला लागत. आमच्या कीर्तनाने माना डोलतात, हात हलत नाहीत. हा फरक कशाने पडतो, याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार केला.

वऱ्हाडात पूर्णेच्या काठी ऋणमोचनाला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. चिखलात यात्रेकरू घसरत. बाबांनी स्वतः माती वाहिली, लोक जमवले, आणि तिथे घाट उभा राहिला. पंढरीलाही त्यांची वारी असे. पण आपण जेव्हा दर्शनाच्या रांगेत उभे, तेव्हा ते चंद्रभागेचे वाळवंट झाडत असत. ज्या अस्पृश्य वारकऱ्यांना पंढरपुरात टेकायला ओसरी मिळत नसे, त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. आळंदी, देहू, नाशिक येथेही धर्मशाळा झाल्या. नाशकात आंधळ्यापांगळ्यांना सदावर्त मिळाले. हा पैसा कीर्तनातून आला, पण बाबांनी त्यातला छदाम घरी जाऊ दिला नाही. कुटुंब झोपडीतच राहिले.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असता मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. हे वैराग्य आपणांस झेपणारे नव्हे, आणि बाबांनी तसे कोणाकडून मागितलेही नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. वय ऐंशी.

आता मान खाली का जाते, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची दिंडी एका शाळेच्या आवारात मुक्कामी होती. रात्री आम्ही सेवाधर्मावर कीर्तन केले, छान रंगले. पहाटे निघालो. कोसभर गेल्यावर आमची पडशी विसरल्याचे ध्यानात आले, म्हणून एकटेच परतलो. पाहतो तर शाळा भरायची वेळ झालेली, आणि लहान लहान मुले आमच्या उष्ट्या पत्रावळी उचलीत होती! कोणी एका शब्दाने बोलले नाही. आम्ही पडशी खाली ठेवली आणि खराटा मागून घेतला. पाऊण तास लागला. दुपारनंतर दिंडी गाठली, आणि नाथांचे दर्शनही त्याच दिवशी झाले. म्हणजे आदल्या रात्री आम्हाला वेळ नव्हता, हे खोटे होते. काम आपले नाही असे वाटत होते, एवढेच खरे.

महाराज, वेळ नाही, हे उत्तर आपण सगळेच देतो. शेती आहे, नोकरी आहे, संसार आहे. पण डेबूजी दिवसभर नांगर धरूनच भजनाला येत होता ना? रिकामा वेळ मिळेल तेव्हा सेवा करू म्हणणाऱ्याला तो वेळ कधी मिळत नाही. एकादशीच्या उपवासाला वेळ लागतो का? दिवस ठरलेला असतो, म्हणून होतो. तसेच सेवेचे. महिन्यातली एक एकादशी ठरवावी. त्या दिवशी तासभर गावचा पार झाडावा, दवाखान्यातल्या एकट्या रोग्याजवळ बसावे, शेजारच्या म्हातारीचे दळण आणून द्यावे.

आमच्या दिंडीत आता नियम आहे. मुक्काम हलण्याआधी अर्धा तास सगळ्यांच्या हाती खराटा, विणेकरी आणि कीर्तनकार धरून. जागा झाडून झाली, की मगच टाळ वाजतो. ज्यांच्या दिंडीत हा नियम नसेल, त्यांनी येत्या वारीपासून धरावा, एवढी आमची विनंती आहे.

रामकृष्णहरि.