वादळांचा पहारेकरी

रॉबर्ट फिट्झरॉय यांचा जन्म १८०५ साली इंग्लंडमध्ये झाला. बाराव्या वर्षी ते आरमारी विद्यालयात दाखल झाले आणि तेविसाव्या वर्षी ‘बीगल’ जहाजाचे कप्तान बनले. पुढे याच जहाजातून त्यांनी चार्ल्स डार्विन यांच्यासह पृथ्वीप्रदक्षिणा केली.

जानेवारी १८२९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘बीगल’वर अकस्मात वादळ कोसळले. वायुभारमापकातील पारा आधीच उतरू लागला होता. परंतु तरुण कप्तानाने ती सूचना पुरेशी मानली नाही. डोलकाठ्या मोडल्या, दोन खलाशी बुडाले. हा धडा फिट्झरॉय जन्मभर विसरले नाहीत.

१८५४ साली ते ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. ऑक्टोबर १८५९ मध्ये भयंकर वादळ झाले. ऑस्ट्रेलियाहून सोने घेऊन परतणारे ‘रॉयल चार्टर’ जहाज वेल्सच्या खडकांवर आदळून फुटले व सुमारे ४५० माणसे प्राणास मुकली. फिट्झरॉय यांनी ठिकठिकाणच्या नोंदी मिळवून त्या नकाशावर मांडल्या. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार, दमट हवा एकमेकींना भिडली, की तेथे प्रचंड भोवरा उठतो, असे त्यांनी ताडले. वादळ एका किनाऱ्यावरून दुसऱ्याकडे सरकते. तारायंत्राची वार्ता मात्र त्याहून वेगाने धावते. मग पुढील बंदरांना आधीच सावध का करू नये?

त्यांनी किनाऱ्यावरील ठाण्यांतून रोज वायुभार, उष्णतामान व वारा यांच्या नोंदी तारेने मागविल्या. फेब्रुवारी १८६१ पासून धोक्याच्या सूचना सुटू लागल्या. सूचना मिळताच बंदरातील खांबावर शंकूच्या व पिंपाच्या आकाराच्या खुणा चढत आणि नावाडी किनाऱ्यालाच थांबत. त्याच वर्षी वर्तमानपत्रांतून हवेचे अंदाजही प्रसिद्ध होऊ लागले.

काही अंदाज चुकले, तेव्हा लोकांनी त्यांची थट्टा केली. विद्वानांनीही टीका केली. कष्टाने आणि मनस्तापाने खचलेल्या फिट्झरॉय यांचा १८६५ साली अंत झाला. पुढच्या वर्षी सूचना बंद पडल्या. पण दर्यावर्दी लोकांनी त्यांचाच आग्रह धरला आणि १८६७ साली त्या पुन्हा सुरू झाल्या.

२००२ साली स्पेनच्या वायव्येकडील एका सागरी विभागाला ‘फिट्झरॉय’ हे नाव देण्यात आले. ब्रिटनहून प्रसृत होणाऱ्या सागरी हवामानवृत्तात त्या नावाचा उच्चार होतो, तेव्हा खलाशांच्या प्राणांसाठी झटलेल्या या पुरुषाचे स्मरण जागे होते.