डॉ. गुगेनब्यूल यांचा आश्रम

१८३६ साली स्वित्झर्लंडातील झेडॉर्फ गावी डॉ. योहान याकोब गुगेनब्यूल यांस एक मतिमंद मनुष्य वाटेवरील क्रूसापुढे प्रभूची प्रार्थना पुटपुटताना दिसला. ती त्यास त्याच्या आईने शिकविली होती. अशांस शिकविता येते, हे डॉक्टरांच्या मनाने घेतले.

आल्प्सच्या खोऱ्यांत आयोडिनाच्या उणिवेने अशी लेकरे पुष्कळ जन्मत; हे कारण तेव्हा अज्ञात होते. डॉक्टरांनी १८४१ साली इंटरलाकेनजवळ आबेंडबर्ग डोंगरावर त्यांच्यासाठी आश्रम उघडला. सकस अन्न, स्नान, व्यायाम व शिक्षण हा तेथील क्रम असे. त्याची कीर्ती ऐकून इतर देशांतही असे आश्रम निघाले.

परंतु डॉक्टर वारंवार परदेशी जाऊ लागले आणि मागे आश्रमावर देखरेख राहिली नाही. १८५८ साली इंग्रज सरकारचे वकील तेथे गेले, तेव्हा डॉक्टर बाहेरगावी होते व मुलांची हेळसांड चालली होती. पुढे आश्रम बंद पडला. १८६३ साली डॉक्टर निवर्तले.

त्यांचे उपकार आम्ही विसरत नाही व त्यांची चूकही झाकत नाही. ज्यांस आपले गाऱ्हाणे सांगता येत नाही, त्यांच्या घराची परीक्षा त्याच्या कीर्तीवरून करू नये. वाचकहो, अशा घरी अवचित जावे आणि ताट, अंथरूण व मुलांची तोंडे पाहावी.