आजोळच्या मातीत अमृता शेरगिल

विख्यात चित्रकार अमृता शेरगिल १९३८ च्या उन्हाळ्यात भारतातून हंगेरीला गेल्या. वयाच्या पंचविशीतच भारतीय चित्रकलेत त्यांचे नाव दुमदुमू लागले होते. हंगेरी ही त्यांची जन्मभूमी आणि आजोळही. मात्र ज्या युरोपचा निरोप घेऊन आपण भारतात परतलो, त्याच भूमीवर पुन्हा चित्रे काढताना आपली वाट टिकेल का, याची कसोटी या प्रवासात लागणार होती.

अमृता यांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंग शेरगिल मजीठिया हे पंजाबातील शीख सरदार घराण्यातील विद्वान आणि छायाचित्रणाचे जाणकार होते. आई मारी आंत्वानेत या हंगेरियन गायिका. पहिल्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब बुडापेस्टनजीकच्या दुनाहारास्ती गावात राहिले. १९२१ मध्ये ते भारतात येऊन सिमल्यात स्थायिक झाले. अमृता यांना प्रत्यक्ष माणसे समोर बसवून रेखाटने करण्याची दिशा दाखविली ती मामा एर्विन बाक्ताय यांनी. ते स्वतः भारतविद्येचे अभ्यासक होते.

१९२९ मध्ये अमृता पॅरिसला शिक्षणासाठी गेल्या. ‘यंग गर्ल्स’ या १९३२ मधील चित्राने त्यांना पॅरिसमध्ये सुवर्णपदक आणि मान्यता मिळवून दिली. तरीही आपले खरे कार्यक्षेत्र भारतच आहे, अशी त्यांची खात्री होत गेली आणि १९३४ च्या अखेरीस त्या परतल्या. १९३६ मध्ये मुंबईतील प्रदर्शनानंतर त्यांनी अजिंठा व वेरूळ पाहिले आणि तेथून दक्षिण भारताचा दौरा केला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील भरीव, पण साध्या आकारांनी त्यांच्या कुंचल्याला नवे वळण दिले. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारीज’ आणि बाजाराला निघालेल्या दक्षिणी खेडुतांचे चित्र ही त्याच वर्षाची निर्मिती.

हंगेरीच्या प्रवासामागे एक कौटुंबिक कारणही होते. डॉक्टर असलेले मावसभाऊ व्हिक्टर एगान यांच्याशी विवाह करण्याचा त्यांचा निर्धार होता. आईवडिलांचा विरोध असूनही जुलै १९३८ मध्ये बुडापेस्ट येथे हा विवाह झाला. त्या वर्षी मार्चमध्ये जर्मनीने शेजारचा ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता आणि युरोपावर युद्धाचे सावट दाटले होते. व्हिक्टर यांना लष्करी सेवेत राहणे भाग होते. या अनिश्चिततेत अमृता चित्रे काढीत राहिल्या.

‘हंगेरियन मार्केट सीन’ आणि ‘पोटॅटो पीलर’ ही त्या वास्तव्यातील चित्रे. दक्षिण भारतातील खेडुतांना ज्या आपुलकीने त्यांनी न्याहाळले, त्याच आपुलकीने त्यांनी आजोळच्या कष्टकऱ्यांकडे पाहिले. गोरी आणि सावळी अशा दोन मुलींचे ‘टू गर्ल्स’ हे १९३९ मधील चित्र त्यांच्या दुहेरी वारशाचे रूपक मानले जाते. भारतात घडलेली दृष्टी त्यांनी हंगेरीच्या बाजारपेठेवर रोखली. आजोळाने त्यांना मागे खेचले नाही. उलट ही दृष्टी कोणत्याही मातीत टिकते, हे त्या चित्रांनी दाखवून दिले.

१९३९ मध्ये युद्धाला तोंड फुटण्यापूर्वीच पतिपत्नी भारतात परतले. गोरखपूर जिल्ह्यातील सराया येथे काका सुंदरसिंग मजीठिया यांच्या जहागिरीवर त्यांनी संसार मांडला. तेथील साखर कारखान्यात व्हिक्टर वैद्यकीय सेवा करीत. राजपूत आणि मोगल लघुचित्रांचे संस्कार पचवून अमृता यांनी येथे ‘द स्विंग’, ‘वुमन रेस्टिंग ऑन चारपॉय’ अशी चित्रे साकारली.

सप्टेंबर १९४१ मध्ये दोघे लाहोरला गेले. तेथे प्रदर्शनाची तयारी सुरू असतानाच अल्पशा आजाराने ५ डिसेंबर १९४१ च्या रात्री अमृता यांचे निधन झाले. तेव्हा त्या अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. नेमक्या त्याच दिवसांत ब्रिटनने हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले आणि हंगेरीचे नागरिक असलेल्या व्हिक्टर यांना स्थानबद्ध करण्यात आले. ज्या दोन देशांत अमृता यांचे घर विभागले होते, त्यांच्यामध्ये आता युद्धाची भिंत उभी राहिली होती.

१९७६ मध्ये भारत सरकारने त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलासंपदेचा दर्जा दिला; त्यामुळे भारतातील त्यांची चित्रे देशाबाहेर नेऊन विकता येत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘द स्टोरी टेलर’ या १९३७ च्या चित्राला लिलावात ६१.८ कोटी रुपये मिळाले. भारतीय चित्राला तोपर्यंत लिलावात मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कृतींचा सर्वांत मोठा संग्रह आहे. दक्षिणेतील खेडूत आणि हंगेरीचा बाजार तेथे एकाच संग्रहात नांदत आहेत.