औंधचे भवानराव

सातारा जिल्ह्यात यमाईदेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी औंध हे गाव वसले आहे. पूर्वी ती एका लहानशा संस्थानाची राजधानी होती. तेथील राजघराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म झाला. १९०९ साली ते गादीवर आले. ते उत्तम चित्रकार होते; कीर्तन करीत आणि नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत.

१९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना देऊन त्यांनी संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला. त्याच वर्षी या राजाने आणखी एक धाडस केले. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन हे अभियंते त्या वेळी औंधच्या कार्यात साहाय्य करीत होते. कैद्यांना कोंडून न ठेवता मोकळ्या रानात कुटुंबासह राहू द्यावे, अशी कल्पना त्यांनी मांडली.

गुन्हा एकाने करावा आणि त्याची झळ बायकामुलांना लागावी, असे तुरुंगवासात नेहमीच घडते. वर्षानुवर्षे गजांआड राहिलेला मनुष्य सुटल्यावरही समाजाला पारखा होतो. हे खरे असले, तरी गंभीर गुन्ह्यांतील कैदी मोकळे ठेवणे सोपे नव्हते. ते पळाले असते अथवा पुन्हा कोणाच्या जिवावर उठले असते, तर सारा दोष राजांच्या माथी आला असता. तरीही भवानरावांनी संमती दिली.

माणदेशातील आटपाडीजवळ कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिचे नाव स्वतंत्रपूर. तिच्याभोवती तुरुंगाच्या उंच भिंती नव्हत्या. कैदी तेथे आपल्या कुटुंबासह राहत, शेत कसत आणि कष्टाची भाकरी खात. त्यांना बांधून ठेवणारी बेडी एकच होती. ती म्हणजे त्यांच्यावर टाकलेला विश्वास.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी भवानराव निवर्तले. या प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. पुढील वर्षी भारताच्या संसदेने अपराधी परिवीक्षा कायदा संमत केला. योग्य प्रसंगी अपराध्याला तुरुंगात न धाडता, चांगल्या वर्तनाच्या हमीवर देखरेखीखाली घरी राहू देण्याची सोय त्याने देशभर झाली.

भवानरावांचे राज्य गेले, पण स्वतंत्रपूर राहिले. सद्वर्तनी कैदी आजही तेथे आपल्या मुलाबाळांत राहून शेती करतात.