वेश्या कोण, हे ठरवणार कोण?

वेश्या कोणाला म्हणायचे, हा प्रश्न वरवर नीतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो कायद्याचा आणि सत्तेचा आहे. इंग्लंडच्या राज्यकर्त्यांपुढे हा प्रश्न सतरा वर्षे रेटून धरणाऱ्या जोसेफिन बटलर यांचे चरित्र चळवळीतल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावे, असे आम्हाला वाटते.

बटलर यांचा जन्म १३ एप्रिल १८२८ चा. वडील जॉन ग्रे गुलामगिरीविरोधी चळवळीतले, पती जॉर्ज शिक्षक आणि धर्मोपदेशक. १८६४ साली त्यांची लहानगी मुलगी घरातच उंचावरून पडून दगावली. दोन वर्षांनी कुटुंब लिव्हरपूलला आले. तेथे गरिबांना डांबून काम करवून घेणाऱ्या सरकारी कामगृहात बायका जुने दोर उसवत बसत. बटलर त्यांच्यात जाऊन जमिनीवर बसल्या. समाजाने टाकलेल्या आजारी मुलींना त्यांनी स्वतःच्या घरी आणले.

इंग्लंडमध्ये १८६४, १८६६ आणि १८६९ साली सांसर्गिक रोगांचे कायदे झाले. सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून छावण्यांच्या आणि बंदरांच्या गावांत ते लागू केले. या कायद्यांत वेश्या हा शब्द होता; त्याची व्याख्या नव्हती. साध्या वेषातल्या पोलिसाने शपथेवर संशय सांगितला की बाई वेश्या ठरे. मग सक्तीची शारीरिक तपासणी, नकार दिला तर तुरुंग. रोग निघाला तर १८६९ च्या कायद्याने नऊ महिन्यांपर्यंत इस्पितळात कोंडून ठेवता येई. सैनिकाची तपासणी मात्र हा कायदा करत नव्हता. संशय कोणावर येणार? रस्त्याने एकटी चालणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या गरीब बाईवरच!

१८६९ च्या अखेरीस बटलर यांनी महिलांची संघटना उभी केली. १८७० साली कोल्चेस्टरच्या पोटनिवडणुकीत कायद्याचा समर्थक उमेदवार त्यांनी पाडला. गुंड अंगावर धावून आले, सभेच्या जागेला आगही लावली गेली; बाई हटल्या नाहीत. १८८३ साली कायद्यांची अंमलबजावणी थांबली, १८८६ साली ते रद्द झाले.

इंग्रजांनी १८६८ साली असाच कायदा भारतातही आणला आणि बायकांची नावे नोंदवहीत चढवली. तीनच वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नावे अशीच नोंदवहीत गेली. माणसाने काय केले हे न पाहता तो कोण आहे यावरून शिक्का मारायचा, ही मनूची रीत आम्हाला नवी नाही. भारतातला १८६८ चा कायदा १८८८ साली रद्द झाला, तरी छावण्यांतले प्रकार थांबले नाहीत. बटलर यांनी त्याविरुद्धही लढा दिला. ३० डिसेंबर १९०६ रोजी त्यांचे निधन झाले.

बटलर या धंद्याच्या कट्टर विरोधक होत्या, पण बाईच्या नव्हे. बाबासाहेबांनीही १९३६ साली मुंबईत या व्यवसायातील भगिनींची सभा घेऊन त्यांना स्वाभिमानाने जगण्यासाठी तो सोडण्याचे आवाहन केले. देवीच्या नावाने सोडलेल्या मुली बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या, हे ते जाणून होते.

स्वतंत्र भारताच्या १९५६ च्या कायद्यातील व्याख्या मोबदल्यासाठी शरीर देऊ करणाऱ्या स्त्रीभोवती फिरत होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती बदलली. आता व्यापारासाठी केलेले माणसांचे लैंगिक शोषण म्हणजे वेश्याव्यवसाय. म्हणजे व्याख्येने बोट शोषकाकडे वळवले. पण त्याच कायद्याचे आठवे कलम गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईलाच शिक्षा सांगते. या स्त्रियांना सन्मानाने वागवा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली पोलिसांना बजावावे लागले, यातच सारे आले.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. धाड पडेल तेव्हा आरोपी म्हणून नाव लागावे ते दलालाचे, अड्डा चालवणाऱ्याचे आणि मुलगी विकणाऱ्याचे. बाईच्या कपाळी शिक्का मारण्याचा अधिकार कोणत्याही शिपायाला नाही, हे वस्तीवस्तीत जाऊन सांगणे चळवळीचे काम आहे.