कंपनीच्या कचेरीतला तत्त्वज्ञ : जॉन स्टुअर्ट मिल

विद्येच्या देवतेच्या उत्सवात यंदा एका कारकुनाची आठवण काढावी, असे आम्हाला वाटले. हा कारकून म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. आम्हीही सरकारी टेबलावर बसणारे, म्हणून ही जवळीक.

मिल यांचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांनी त्यांना शाळेत न घालता घरीच शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन! विसाव्या वर्षी मात्र मन एकाएकी कोरडे पडले, कशातच रस वाटेना. पुढे वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनी मोठा आधार दिला. दुसऱ्याने आखून दिलेले आयुष्य माणसाला पुरत नाही, हे त्यांनी असे स्वतः भोगले होते.

सतराव्या वर्षी, १८२३ मध्ये, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत लागले आणि पस्तीस वर्षे तिथेच राहिले. हिंदुस्थानी संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार बरीच वर्षे त्यांच्याकडे होता. होळकर, शिंदे, गायकवाड यांची संस्थाने त्याच कक्षेत येत. मिल हिंदुस्थानात मात्र कधीच आले नाहीत.

१८३० मध्ये त्यांची हॅरिएट टेलर यांच्याशी ओळख झाली. त्या विवाहित होत्या. मैत्री वाढली तशी लोकांची तोंडे सुटली, जवळची माणसेही दुरावली. पतीच्या निधनानंतर १८५१ मध्ये दोघांनी लग्न केले. कायद्याने नवऱ्याला बायकोवर दिलेले हक्क मिल यांनी तेव्हा लेखी नाकारले. १८५८ मध्ये फ्रान्समधील आव्हिन्यो येथे हॅरिएट वारल्या. दुसऱ्याच वर्षी व्यक्तिस्वातंत्र्यावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला, तो त्यांनी हॅरिएटलाच अर्पण केला.

त्यातला मुद्दा सरळ आहे. जाणत्या माणसाला जबरदस्तीने अडवायचे, तर ते दुसऱ्याची हानी टाळण्यासाठीच. त्याच्या भल्यासाठी म्हणून नव्हे. चांगले जगणे कोणते, हे सरकारने ठरवू नये. मूल शिकलेच पाहिजे, असा आग्रह सरकारने धरावा, गरिबाला फीची मदतही करावी. पण सगळी मुले एकाच साच्यातून काढू नयेत. धर्म आणि राजकारण या विषयांत परीक्षा माहितीची घ्यावी, मताची नव्हे. शिवाय सरकारइतकाच चार लोकांचा धाकही माणसाला चिरडतो, हे त्यांनी बजावले. तो धाक त्यांच्या घराने सोसलेला होता.

१८६५ मध्ये ते पार्लमेंटमध्ये गेले. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून १८६७ मध्ये त्यांनी दुरुस्ती मांडली. ती ७३ मते मिळवून पडली. ७ मे १८७३ रोजी आव्हिन्योलाच त्यांचा अंत झाला. हॅरिएटशेजारीच त्यांना पुरले.

एक उणे सांगितलेच पाहिजे. हे स्वातंत्र्य मागासलेल्या समाजांना लागू नाही, असे मिल मानत, आणि हिंदुस्थानला त्यांनी त्यातच गणले. ज्यांच्या कागदांवर त्यांनी उमर घालवली, त्या आपल्या पूर्वजांनाच त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवले! पण टेंभूच्या गरीब घरातून आलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी मिल वाचला आणि हा उंबरा मानलाच नाही. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. माणसाने आपल्या विवेकाने वागावे, हे मराठीत ठणकावून सांगितले आणि लोकांचा रोष सोसला.

घरातले एखादे मूल वेगळी वाट धरते, तेव्हा लोक काय म्हणतील, हा प्रश्न आम्हालाही आधी सुचतो. कोणाचे काही बिघडते आहे का, हा मिल यांचा प्रश्न त्याआधी सुचावा, एवढेच गजाननाकडे मागणे.